डोपामिन तोलण्याआधी: उन्हाळ्यातील प्रयोगाची तयारी

यवतमाळकडच्या एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात एप्रिल-मेमध्ये कार्बन नॅनोनलिका (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा) यांच्या संमिश्राचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडने डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन मोजायचे असेल, तर पोटेन्शिओस्टॅटआधी (इलेक्ट्रोडला व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारे यंत्र) अर्थिंग पाहावे. खड्डा कोरडा पडला की आलेखावर खरखर उमटते. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यात पाणी ओतावे आणि सेलवर (द्रावण आणि इलेक्ट्रोड ठेवण्याचे भांडे) पालथा घालण्यासाठी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा अर्थिंगच्या तारेला जोडून ठेवावा. बोअरचे पाणी क्षारांचे, अनेक गावांत फ्लोराइडचेही, म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच साठवावे. द्रावणातला ऑक्सिजन हाकलायला नायट्रोजनचा सिलिंडर वेळेत भरून आणावा.

नॅनोनलिकांवर कार्बॉक्सिल गट बसवण्यासाठी सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांचे ३:१ मिश्रण तापवायचे असते. ते सुरू करण्यापूर्वी भारनियमनाचे वेळापत्रक पाहावे, कारण मध्येच एक्झॉस्ट बंद पडला तर तपकिरी विषारी धूर खोलीतच कोंडेल.

खरी कसोटी इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाची. ग्लासी कार्बनचा (काचेसारख्या कठीण कार्बनचा) इलेक्ट्रोड १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनावर क्रमाने, इंग्रजी आठच्या आकारात घासून धुवावा आणि मगच संमिश्राचा ५ मायक्रोलीटरचा थेंब ठेवावा. पंख्याखाली थेंब भराभर सुकतो आणि सगळे काळे द्रव्य कडेला जाऊन वर्तुळ उरते. तेव्हा पंखा बंद करून, ओल्या गाळणकागदासह पेट्री डिश पालथी घालावी. सुकलेला थर भिंगाखाली एकसारखा दिसायला हवा. त्यानंतर फेरीसायनाइडच्या द्रावणात व्होल्टेज पुढे-मागे फिरवून चाचणी घ्यावी: प्रवाहाच्या आलेखावरील दोन शिखरांतले अंतर आदर्श स्थितीत सुमारे ५९ मिलिव्होल्ट असते, आणि ते शंभराच्या वर गेले तर पुन्हा घासण्यावाचून इलाज नाही.

अ‍ॅस्कॉर्बिक आणि युरिक आम्लांची द्रावणे विसरू नयेत. उघड्या इलेक्ट्रोडवर त्यांची शिखरे डोपामिनच्या शिखरात मिसळतात. पीएच ७.४ ला डोपामिन धनभारित, तर अ‍ॅस्कॉर्बेट ऋणभारित असल्यामुळे नॅफियॉन या ऋणभारित बहुलकाचा पातळ थर दुसऱ्याला बाहेर ठेवतो; थर जाड झाला तर डोपामिनलाही आत शिरायला वेळ लागतो.

डोपामिन हायड्रोक्लोराइड सर्वांत शेवटी तोलावे. हवेत त्याचे क्विनोन होते आणि पुढे काळपट बहुलक बनून इलेक्ट्रोडवरच चिकटते, म्हणून मूळ द्रावण आम्लात, तपकिरी बाटलीत आणि बर्फावर ठेवावे. रंग बदलला तर बिनदिक्कत फेकावे. नमुना म्हणून औषधाच्या दुकानातले इंजेक्शन वापरल्यास त्यातील मेटाबायसल्फाइट या परिरक्षकाची वेगळी चाचणी घ्यावी. प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहावे, कारण सकाळचे आणि भर दुपारचे प्रवाह एकाच अंशशोधन रेषेवर (प्रवाहावरून प्रमाण काढण्याची रेषा) बसत नाहीत.