विंकलर पद्धत : पाण्यातला ऑक्सिजन मोजताना आकडा कुठे बिघडतो

पर्यावरणशास्त्र घ्या नाहीतर सागरी विज्ञान, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजेच डीओ, मोजण्याचं प्रॅक्टिकल कुणाला चुकत नाही. हल्ली प्रोब, म्हणजे मीटरला जोडलेला सेन्सर, बुडवला की रीडिंग मिळतं. तरीही लायोस विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेली पद्धत हाताने करायला शिकाच, कारण प्रोब खरं सांगतोय का, हे तिच्यावरच पडताळून पाहतात. या पद्धतीत आकडा बहुतेक वेळा बाटली भरतानाच बिघडतो. मग पुढचं टायट्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण थेंबथेंब घालून केलेलं मोजमाप, कितीही जपून केलं तरी काही उपयोग नसतो.

बाटली घ्या ३०० मिलीची, काचेच्या बुचाची बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) चाचणीची बाटली. बादलीतून पाणी ओतू नका. ओतताना हवा मिसळते, आणि पाण्यात ऑक्सिजन जितका कमी तितकी ही चूक मोठी. सॅम्पलरची (पाण्याचा नमुना घेण्याच्या उपकरणाची) रबरी नळी बाटलीच्या तळाशी टेकवा, पाणी संथ सोडा आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्या. धार चालू असतानाच नळी हळूच बाहेर काढा. बूच तिरकं सरकवत लावा, बाटली उलटी करून पाहा. बुडबुडा दिसला तर पाणी ओतून टाका आणि पुन्हा भरा. १ मिली हवेत सुमारे ०.२७ मिग्रॅ ऑक्सिजन असतो. तो सगळा धरला गेला तर लिटरमागे ०.९ मिग्रॅची खोटी भर पडते. पाण्याचं तापमान, क्षारता (विरघळलेल्या मिठाचं प्रमाण) आणि वेळ त्याच क्षणी वहीत लिहा.

आता जागेवरच १ मिली मँगनीज सल्फेट आणि त्यामागोमाग १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली असू द्या. द्रावणं जड असल्याने खाली बसतात आणि वरचं थोडं पाणी सांडतं, ते सांडू द्या. बूच लावून बाटली किमान पंधरा वेळा उलटसुलट करा. तपकिरी अवक्षेप (न विरघळणारा गाळ) आला म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. अवक्षेप अर्ध्या बाटलीपर्यंत बसला की पुन्हा हलवा आणि पुन्हा बसू द्या. समुद्राच्या पाण्यात तो सावकाश बसतो, तिथे घाई नको.

मग १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून बूच लावा आणि अवक्षेप पूर्ण विरघळेपर्यंत बाटली हलवा. ऑक्सिजन जितका होता, त्याच प्रमाणात आयोडीन मोकळं होतं आणि पाणी पिवळसर-तपकिरी दिसतं. अझाइड नायट्राइटचा अडथळा दूर करतं, पण ते विषारी आहे. त्याच्या मूळ द्रावणात आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. धातूच्या पाइपच्या सिंकमध्येही ओतू नका, तिथे स्फोटक संयुगं तयार होऊ शकतात.

टायट्रेशनसाठी २०१ मिली घ्या. आधी घातलेल्या दोन द्रावणांनी ३०० मिलीतून २ मिली पाणी बाहेर काढलेलं असतं, म्हणजे २०० मिलीमागे सुमारे १, म्हणून तो वरचा १ मिली. यात मूळ पाणी २०० मिली येतं, त्यामुळे आयोडीन संपवणाऱ्या ०.०२५ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) सोडियम थायोसल्फेटचा प्रत्येक मिली म्हणजे थेट १ मिग्रॅ प्रति लिटर. फ्लास्कमध्ये काढल्यावर लगेच सुरुवात करा, आयोडीन उडून जातं. रंग फिका पिवळा होईपर्यंत स्टार्च घालू नका. लवकर घातलं तर ते आयोडीन घट्ट धरून ठेवतं आणि एंड पॉइंट, म्हणजे आयोडीन संपून रंग जाण्याचा क्षण, लांबतो. स्टार्च घातल्यावर थेंबथेंब सोडा, निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा. थोड्या वेळाने निळसरपणा परत आला तर तो मोजायचा नाही.

थायोसल्फेटकडे सर्रास दुर्लक्ष होतं. उकळून थंड केलेल्या पाण्यात ६.२०५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेट आणि ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घालून १ लिटर करा, आणि वापराच्या दिवशी पोटॅशियम आयोडेटने प्रमाणित करा, म्हणजे त्याची खरी तीव्रता (नॉर्मॅलिटी) काढा. ते जुनं होऊन क्षीण झालं की ब्युरेटमधून (टायट्रेशनच्या मोजनळीतून) जास्त जातं आणि डीओ फुगतो. नॉर्मॅलिटी ०.०२४३ निघाली तर ६.८ चं रीडिंग प्रत्यक्षात ६.६ असतं.

आकडा हाती आला की संपृक्ततेशी, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त मावणाऱ्या ऑक्सिजनशी, ताडून पाहा. २५ अंशांना गोड पाण्यात सुमारे ८.३ मिग्रॅ प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३५ क्षारतेच्या (हजारात ३५ भाग मीठ) समुद्रात सुमारे ६.७. म्हणजे ६.५ हा आकडा समुद्रात उत्तम, पण त्याच तापमानाच्या नदीत जेमतेम ७९ टक्के. वेळही बघा. शेवाळ भरपूर असेल तर पहाटे डीओ तळाला जातो आणि दुपारी संपृक्ततेच्याही वर चढतो, म्हणून पहाटेचा नमुना दुपारच्या नमुन्याशी तोलू नका. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरा. दोघींत ०.२ हून जास्त फरक आला तर सरासरी काढत बसू नका, नमुना पुन्हा घ्या.