छोट्या ट्रेलरचे पडदे घरच्या मशीनवर

पहिल्या वेळी मी आमच्या ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे जोडून सहलीला न्यायच्या झोपायच्या खोलीला, घरासारखेच पडदे शिवले होते. वर एक तार, खाली मोकळे. लातूरहून वेरूळला निघालो, मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला चहाला थांबलो आणि ट्रेलरचं दार उघडलं, तर सगळे पडदे एका कोपऱ्यात गोळा झालेले आणि दोन हूक उपटून खाली पडलेले. उभा ट्रेलरही पडद्याला सोयीचा नसतो. बऱ्याच ट्रेलरची भिंत वर जाताना आत कलते, त्यामुळे वरून सोडलेला पडदा काचेपासून लांब लोंबतो आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. म्हणून एवढं एक पक्कं धरा: तार वरही हवी आणि खालीही. पडद्याला दोन्हीकडे नेफा, म्हणजे तार ओवायची दुमड.

कापड सुतीच घ्या. दोसुती किंवा जाडसर खादी उत्तम. मराठवाड्यात खादी शोधायला लांब जावं लागत नाही. तिरंगा तयार करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आपल्या नांदेडचीच. मागून, म्हणजे काचेच्या बाजूने, पांढरं किंवा फिकं अस्तर लावा, मांजरपाट चालतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याची खोली भट्टीसारखी तापते. काचेकडे फिकं अस्तर असेल तर थोडं तरी ऊन परत फिरतं, शिवाय खोलीकडच्या कापडाचा रंग लवकर विटत नाही.

कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. हे टाळू नका. सुती कापड आटतं, आणि अस्तर वेगळं आटलं तर पहिल्याच धुण्यानंतर पडद्याला कायमच्या सुरकुत्या पडतात.

आता माप. समजा खिडकी ३० इंच रुंद आणि २० इंच उंच आहे. चारही बाजूंनी २ इंच जास्त धरा, म्हणजे ३४ बाय २४. चुण्यांसाठी रुंदी दीडपट करा: ५१ इंच. घरात आपण दुप्पट घेतो, पण इथे तेवढं कापड बाजूला सारलं की अर्धी खिडकी त्यानेच झाकते. दोन पडद्यांत विभागून एकेक साडेपंचवीस इंचांचा. शिलाईला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मिळवला की साडेसव्वीस. उंचीत वरच्या आणि खालच्या नेफ्यासाठी दीड-दीड इंच मिळवा: २७. म्हणजे साडेसव्वीस बाय सत्तावीसचे दोन तुकडे, तेवढेच अस्तराचे. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी बसतात. अशा तीन खिडक्यांना आटण्यासकट सव्वादोन मीटर पुरतं. ४४ पन्ह्यात मात्र रुंदीत एकच तुकडा निघतो, तेव्हा कापड दुप्पट लागेल.

प्रत्येक खिडकी वेगळी मोजा. एकसारख्या दिसणाऱ्या खिडक्यांतही अर्ध्या इंचाचा फरक निघतो.

कापड आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून एकावर एक पसरा, टाचण्या लावा आणि फक्त दोन उभ्या बाजूंना अर्ध्या इंचावर टीप मारा. उशीच्या अभ्र्यासारखं उलटवून कडांवर इस्त्री फिरवा. मग वरची कड अस्तराच्या बाजूला आधी अर्धा इंच, मग एक इंच दुमडा आणि दुमडीच्या काठालगत टीप मारा. नेफ्याच्या दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे फिरवून पक्की करा, कारण तारेचा ओढा तिथेच बसतो. खालीही असंच. मध्यम कापडाला १४ नंबरची सुई, जाड खादीला १६. दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा उन्हाने लवकर कुजतो.

आईचं जीर्ण इरकली लुगडं घरात असेल तर त्याचा काठ खालच्या नेफ्याच्या वर शिवून टाका. मी तसंच केलंय. गाव सोडून शंभर कोस गेलं तरी सकाळी डोळे उघडल्यावर तो काठ दिसतो.

प्लास्टिकचं वेष्टण असलेली स्प्रिंगची तार हूकांमधल्या अंतरापेक्षा दीड-दोन इंच आखूड कापा, म्हणजे ती ताणलेली राहते. हूक नुसत्या पत्र्यात टिकत नाही. आतल्या लाकडी पट्टीवर किंवा प्लायवर घ्या, आणि स्क्रू भिंतीच्या जाडीपेक्षा लांब नको, नाहीतर बाहेर निघेल आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपेल. भोक पाडण्याआधी आतून विजेची वायर कुठून गेली आहे ते पाहून घ्या.

शेगडीजवळच्या खिडकीला पडदा लावूच नका. सुती कापडही जळतंच. तिथे काचेला दुधी कागद चिकटवून भागवा.

प्रवासाला निघताना पडदे बाजूला सारून त्याच कापडाच्या पट्टीने बांधा. काळ्या मातीची धूळ फटीतून येतेच, तेव्हा प्रत्येक सहलीनंतर तार काढून पडदे धुवा. तारेचं एक टोक हूकातून सुटं करता येईल असं ठेवलं असेल तर एका खिडकीचे पडदे काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत.