घरची पाणबुडी: आधी वर येण्याची सोय

पाणबुडी बांधतोय म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "किती खोल जाते?" बुडायला काय, भोक पडलेली होडीही बुडते. वर कशी येते ते आधी ठरवा.

सुरुवात समुद्रात नको, विहिरीत करा. दिवाळीच्या सुमाराला, विहिरी भरलेल्या असताना. १६० मिलिमीटर व्यासाचा मीटरभर पीव्हीसी पाइप घ्या. एका टोकाची टोपी कायमची चिकटवा, दुसरी ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, घालून बोल्टने आवळा. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा, बाहेरून शिसं बांधा आणि दोरीने तळापर्यंत सोडा. अर्ध्या तासाने वर काढून कागद बघा. माझा पहिला कागद लगदा होऊन निघाला, कारण ओ-रिंगच्या खाचेत वाळूचा एकच कण अडकला होता. विहिरीचे मालक काठावरून ओरडत होते, "रे झिला, प्यायचा पाणी हा ह्या!" तेव्हा आधी विचारून घ्या, आणि पाइप साबणाने धुऊन घ्या.

कागद कोरडा निघाला की वजन जुळवा. हा पाइप साधारण २० लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणून शिशासकट त्याचं वजन २० किलोच्या आसपास आलं की तो बुडू की तरंगू अशा बेतात येतो. विहिरीत मी हे अगदी चोख जमवलं आणि तोच पाइप मालवणला खाऱ्या पाण्यात सोडला, तर नारळासारखा तरंगत राहिला. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, म्हणजे अर्धा किलो कमी पडला होता. दोन टनांच्या पाणबुडीला हाच फरक ५० किलो होतो. पावसाळ्यानंतर खाडीत वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं, तिथे तर पाणबुडी मधल्याच थरावर अडकून डुलत बसते.

जुन्या गलबतांच्या तळात दगडांचं नीरम, म्हणजे तोल राखणारं वजन, भरत. पाणबुडीत ते काम पाणी करतं. बाहेरच्या टाक्या खालून उघड्या असतात. वरची झडप उघडली की हवा निघून पाणी शिरतं, आणि दाबलेली हवा सोडली की पाणी हाकललं जातं. पण झडप अडकेल, हवा संपेल, वीज जाईल. म्हणून पोटाखाली एक जड वजन हवं, आतून हाताने बोल्ट फिरवला की सुटणारं. टाक्या भरलेल्या असतानाही पाणबुडी वर येईल इतकं ते जड असावं. कागदावर मी सगळ्यात आधी तेच काढतो.

आता दाब. दर दहा मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार वाढतो. ५० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर दहा मीटरवरच जवळजवळ दोन टन बसतात! बाहेर उघडणारं झाकण त्यामुळे घट्ट बसतं खरं, पण आतून ढकलून उघडत नाही. नळकांडं गोलच हवं. मीटरभर व्यासात सेंटिमीटरभर वाकडेपणाही घातक, कारण ते तिथूनच चेपतं. आधाराला आतून गोल कड्या लावाव्या लागतात. जाडी आणि वेल्डिंग प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या, इंजिनियरकडून तपासून घ्या. ट्रॉलरचं काम उत्तम करणारा वेल्डरही इथे पुरत नाही. जून २०२३ मध्ये टायटॅनिककडे निघालेली कार्बन फायबरची टायटन पाणबुडी चेपली आणि पाच जण गेले. हौशी माणसाने पोलादच धरावं. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेल्या जॉर्ज किट्रेज यांच्या के-३५० या पोलादी पाणबुडीचा आराखडा ३५० फुटांसाठी होता, आणि हौशी लोकांनी तो वापरला. तसा सिद्ध आराखडा वाचायला घ्या.

हवेचा हिशोब लोक चुकवतात. प्राणवायू संपायच्या आधी कार्बन डायऑक्साइड गाठतो. हजार लिटर हवेत एकटा माणूस अर्ध्या तासात तो एक टक्क्यावर नेतो, पुढे डोकं जड होतं आणि विचार गडबडतो. भूल देण्याच्या यंत्रात वापरतात तो कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम आणि त्यातून हवा फिरवणारा पंखा, दोन्ही ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी मात्र माणसाच्या कप्प्यात नको. चार्ज होताना स्फोटक हायड्रोजन निघतो, आणि खारं पाणी शिरलं तर विषारी क्लोरीन.

पाण्यात उतरवायच्या आधी बंदर कार्यालय आणि सागरी पोलीस ठाणं गाठा. २००८ नंतर या किनाऱ्यावर अनोळखी वस्तू दिसली की चौकशी होते, आणि व्हायलाच हवी. परवानगी नसेल तर पाणबुडी अंगणातच राहू द्या.

पहिली बुडी रिकामी, दोरीवर, ठरवलेल्या खोलीच्या दीडपट. मग माणूस घालून, जिथला तळच तीन मीटरवर आहे अशा पाण्यात, शेजारी एक पाणबुड्या (डायव्हर) ठेवून. म्हणजे काही बिघडलं तरी तळ जवळ. पावसाळ्यात पाणी गढूळ, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी जाऊ नका, ओहोटीला ओढ जबर असते. मच्छीमारांना जाळी कुठे आहेत ते विचारा, पाणबुडी ढकलणाऱ्या बाहेरच्या पंख्यांना पिंजरा लावा, आणि पाणबुडीला लांब दोरीने लाल बोया बांधा, म्हणजे वरची होडी तुमच्यावरून जाणार नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि ओ-रिंग काढून बोटाने चाचपून बघा, वाळू राहिली असेल.