फ्रेंचमधलं 'सों' आणि 'सा'

'त्याचा' किंवा 'तिचा' म्हणायला फ्रेंचमध्ये पुल्लिंगी नामाआधी 'सों' आणि स्त्रीलिंगी नामाआधी 'सा' येतं. तरी 'तिचा भाऊ' म्हणताना बरेच जण 'सा फ्रेर' म्हणतात. बाईचा भाऊ म्हणून 'सा', हा हिशेब चुकतो. फ्रेंच भाषा मालकाचं लिंग पाहतच नाही, नामाचं पाहते. 'सों फ्रेर' म्हणजे त्याचाही भाऊ आणि तिचाही. आपलं 'चा-ची' बदलतं तसंच हे. फक्त 'त्या-' आणि 'ति-' हा फरक तिथे नाही. तो दाखवायचाच असेल तर शेवटी 'आ लुई' किंवा 'आ एल' जोडा.

खरी गोची स्वरापाशी होते. 'आमी' म्हणजे मैत्रीण, स्त्रीलिंगी. तरी शब्द स्वराने सुरू होतो म्हणून 'सों आमी' म्हणायचं, उच्चार 'सोनामी'. मध्ये विशेषण आलं तर लगतचा शब्द बघा: 'सा मेय्यर आमी' (सर्वांत चांगली मैत्रीण). 'मेय्यर' व्यंजनाने सुरू होतो, म्हणून 'सा'.

शब्द पाठ करताना 'लेकोल' (ती शाळा) नको, त्यात लिंग लपतं. 'यून एकोल' (एक शाळा) असंच पाठ करा, 'यून' स्त्रीलिंगी आहे.