पुण्यात स्वतःच्या घरात राहता? मग पीटी-3 भरलाय का ते बघा

पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, पण नव्याने आकारणी झालेल्या फ्लॅटना ती आपोआप लागत नाही; त्यासाठी पीटी-3 हा अर्ज भरावा लागतो. शेजारच्या काकांनी दोन वर्षं पूर्ण बिल भरलं, कारण कुणी सांगितलंच नाही. फार वाईट वाटलं.

1. शेजारच्या तसल्याच फ्लॅटचं बिल आपल्या बिलाशेजारी ठेवा. रक्कम बरीच जास्त दिसली, तर सवलत लागलेली नाही असं समजा.
2. पीटी-3 अर्ज भरा. सोबत सोसायटीचं राहत असल्याचं पत्र आणि त्याच पत्त्याचा पुरावा जोडा: मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, गॅसचं कार्ड, जे असेल ते. शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रतही.
3. क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. शिक्का, तारीख नीट उमटलीय ना, तिथेच बघा.

बिल आल्यावर मुदतीत भरलं तर सर्वसाधारण करात वेगळी सूट मिळते, तीही सोडू नका.

एक मात्र सांभाळा: सवलत एकाच राहत्या घराला असते. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर हा अर्ज भरू नका.