माळरानावरील पोयट्याच्या मातीचे वर्गीकरण : या चुका टाळा

पुणे, सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा पूर्व भाग, तसेच सोलापूर आणि अहिल्यानगर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात कुसळी, पवन्या, शेडा, डोंगरी अशा गवतांची माळराने आहेत. त्यांच्याखालची माती बहुतेक ठिकाणी बेसाल्ट खडक जागच्या जागी झिजून तयार झालेली, उथळ आणि खडेयुक्त असते. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र तिच्यापुढे पुष्कळदा ‘पोयटा’ एवढाच शेरा असतो. तो शेरा खोटा नसतो, पण तो फक्त दोन मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलेल्या मातीपुरता असतो. चाळणीवर काय उरले, खोदताना कोठे थांबावे लागले आणि त्याखाली काय लागले, हे त्यातून कळत नाही. माळरानाच्या मातीचे वर्गीकरण चुकते ते बहुतांशी पोताच्या (वाळू, गाळ व चिकणकण यांच्या प्रमाणाच्या) या एका नावावर सगळी भिस्त ठेवल्यामुळे.

नमुना शेतासारखा घेणे

खतांच्या शिफारशीसाठी शेतात नागमोडी चालत, १५ ते २० सेंटिमीटर खोलीचे खड्डे घेऊन, सगळी माती एकत्र करण्याची पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. वर्गीकरणासाठी ती निरुपयोगी आहे, कारण त्यात थर एकमेकांत मिसळतात आणि माथा, उतार व पायथा यांच्या अगदी वेगवेगळ्या मातींची एकच सरासरी हाती येते. दख्खनच्या पठारावर माथ्याकडून ओढ्याकडे उतरताना माती उथळ व तांबूस-तपकिरी रंगाकडून खोल व काळ्या रंगाकडे बदलत जाते. म्हणून प्रत्येक भूरूपावर कठीण थरापर्यंत स्वतंत्र खड्डा घेऊन थरांनुसार नमुने घ्यावेत. गुरे बसण्याच्या जागा, पाणवठ्याची कड आणि झाडाची सावली टाळावी, कारण तेथील शेण आणि खुरांची तुडवण यांमुळे सेंद्रिय कर्ब व घनता या दोन्हींचे आकडे माळाचे प्रतिनिधित्व करीत नाहीत.

राज्य पातळीवरच्या १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावरून एखाद्या गायरानाची माती ठरवणे हीदेखील याच जातीची चूक आहे. त्या नकाशावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६२५ हेक्टर. गावाचे संपूर्ण गायरान त्यात एखाद्या ठिपक्याएवढे असते.

पोत ठरवताना घाई करणे

शेतावर ओल्या मातीची फीत काढून पोत ओळखण्याची रीत चांगली आहे. फीत अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, अडीच ते पाचच्या दरम्यान तुटली तर चिकण पोयटा आणि त्याहून लांब निघाली तर चिकणमाती. पण बेसाल्टपासून बनलेल्या मातीत चिकणकणांचे बारीक घट्ट रवे असतात आणि कोरडेपणी ते बोटांना वाळूसारखे लागतात. माती थोडे थोडे पाणी घालत दीड-दोन मिनिटे मळली नाही, तर चिकणमातीलाही पोयटा म्हटले जाते. मळत असताना रवाळपणा कमी होत गेला, तर ती वाळू नव्हती असे समजावे. चुनखडीची बारीक भुकटीही बोटांना गाळासारखी गुळगुळीत लागते, म्हणून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून मातीला फेस येतो का ते आधी पाहावे.

प्रयोगशाळेतली सर्वांत मोठी गफलत कणांच्या सीमारेषेची आहे. अमेरिकी कृषी विभागाच्या पद्धतीत वाळू आणि गाळ यांची सीमा ०.०५ मिलिमीटर मानली जाते, तर जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती ०.०२ मिलिमीटर आहे. आपल्याकडे दोन्ही पद्धती वापरात राहिल्या, त्यामुळे एका पद्धतीने काढलेली टक्केवारी दुसऱ्या पद्धतीच्या पोत-त्रिकोणावर (तिन्ही कणांच्या टक्केवारीवरून पोताचे नाव देणाऱ्या आकृतीवर) मांडली जाते. समजा, एका नमुन्यात अमेरिकी सीमेप्रमाणे वाळू ४० टक्के, गाळ ३८ टक्के आणि चिकणकण २२ टक्के आहेत. हा सरळ पोयटा झाला. आता ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरच्या दरम्यानचे कण १४ टक्के असतील, तर आंतरराष्ट्रीय सीमेप्रमाणे तीच माती ५४, २४, २२ अशी मांडली जाईल, आणि हे आकडे अमेरिकी त्रिकोणावर टाकल्यास उत्तर वालुकामय चिकण पोयटा असे येईल. माती तीच आहे, प्रयोगही अचूक आहे, फक्त सीमा आणि त्रिकोण यांची जोडी चुकलेली आहे. म्हणून अहवालात सीमा लिहिलेली नसेल, तर पोताचे नाव स्वीकारण्याआधी ती विचारून घ्यावी.

दुसरा दोष तापमानाचा. माती पाण्यात ढवळून ठेवतात आणि ठरावीक वेळाने जे कण अजून तरंगत असतात ते चिकणकण म्हणून मोजतात. २० अंश सेल्सिअसला ०.००२ मिलिमीटरचा कण दहा सेंटिमीटर खाली बसायला सुमारे आठ तास लागतात. ३० अंशांना पाणी पातळ होते आणि हा वेळ जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत वीस अंशांचे वेळापत्रक पाळले, तर चिकणकणांची टक्केवारी खऱ्यापेक्षा कमी येते. एरवी हा फरक क्षुल्लक वाटेल, पण पोयट्यात चिकणकणांची मर्यादा ७ ते २७ टक्के असल्यामुळे सीमेजवळच्या नमुन्याचे नाव त्याने बदलू शकते.

खडे फेकून देणे

माळरानाच्या मातीत सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, असे माझे मत आहे. चाळणीवर उरलेले खडे वजन न करता फेकले जातात आणि पुढे ती माती खडेविरहित असल्यासारखी सगळी गणिते होतात. तीस सेंटिमीटर खोलीच्या पोयट्यात पिकाला मिळू शकणारे पाणी आकारमानाच्या १५ टक्के धरले, तर ४५ मिलिमीटर पाणी साठते असे उत्तर येते. त्या मातीचा ४० टक्के भाग खड्यांनी व्यापलेला असेल, तर प्रत्यक्षात हा साठा २७ मिलिमीटर आहे. पावसाच्या खंडात गवत केव्हा पिवळे पडेल, हे या फरकावर ठरते.

खडे मोजले तरी वजन आणि आकारमान यांची गल्लत होते. मातीला गण, उपगट आणि कुळ अशा पायऱ्यांनी नाव देणाऱ्या अमेरिकी वर्गीकरणात (सॉइल टॅक्सॉनॉमी) ३५ टक्क्यांची मर्यादा आकारमानाची आहे. नियंत्रण-छेदात (पोत तपासण्यासाठी ठरवलेल्या खोलीच्या पट्ट्यात) एवढे किंवा अधिक खडे असले, तर कुळाच्या नावात ‘लोमी-स्केलेटल’ म्हणजे खडेयुक्त पोयटा असे लिहावे लागते. एक किलो नमुन्यात निम्मे वजन खड्यांचे असेल, खड्यांची घनता २.६ आणि बारीक मातीची १.३ असेल, तर खड्यांचे आकारमान सुमारे १९२ घनसेंटिमीटर आणि मातीचे ३८५ भरते, म्हणजे खडे केवळ ३३ टक्के. वजनाच्या पन्नास टक्क्यांवर भुलून या मातीला खडेयुक्त कुळात टाकणे चूक ठरेल. अर्धवट झिजलेल्या खड्याची घनता २.६ पेक्षा कमी असते, तेव्हा ती गृहीत न धरता मोजावी.

मुरुमाला खडक समजणे

खड्डा खोदताना माती संपून मुरूम लागला, की अनेक जण तेथेच ‘खडक’ असे लिहून थांबतात आणि मातीला ‘लिथिक’ उपगटात टाकतात. लिथिक म्हणण्यासाठी ५० सेंटिमीटरच्या आत असा खडक लागला पाहिजे, की जो फावड्याने खोदणे व्यवहारतः शक्य नाही. मुरूम कष्टाने का होईना, पण खोदला जातो. मुळे शिरू शकतील अशा भेगा त्यात दहा किंवा अधिक सेंटिमीटर अंतरावर असतील, तर त्या सीमेला पॅरालिथिक म्हणतात. अशी माती लिथिक उपगटात न जाता तिच्या कुळाच्या नावात ‘उथळ’ हा खोलीचा शेरा येतो. भेगा याहून जवळजवळ असतील, तर ती मुळांना अडवणारी सीमाच ठरत नाही. म्हणून मुरूम लागल्यावर टिकाव आणखी वीस-तीस सेंटिमीटर चालवावा, मुळे कोठवर गेली आहेत ते पाहावे आणि भेगांमधले अंतर पट्टीने मोजून नोंदवावे.

लिथिक उपगटात आणि ‘उथळ’ कुळांत पोताचा वर्ग लिहिताना ‘फाइन-लोमी’ (चिकणकण जास्त) आणि ‘कोर्स-लोमी’ (चिकणकण कमी) असा भेद करीत नाहीत, नुसते ‘लोमी’ लिहितात. प्रबंधांत ‘फाइन-लोमी लिथिक’ अशी नावे दिसतात, ती नियमाला धरून नाहीत.

गणाची निवड उलट दिशेने करणे

उथळ म्हणजे एंटिसोल (थर जवळजवळ न बनलेली माती), असे आधीच ठरवून खड्ड्याकडे जाऊ नये. वर्गीकरणाची किल्ली वरून खाली एकेक गण वगळत वाचायची असते आणि तिच्यात एंटिसोल सर्वांत शेवटी येतो. मातीत किमान १५ सेंटिमीटर जाडीचा, रचना विकसित झालेला कँबिक थर असून त्याची खालची सीमा २५ सेंटिमीटर किंवा अधिक खोलीवर असेल, तर ती इन्सेप्टिसोल (थर बनू लागलेली माती) ठरते. उन्हाळ्यात भेगा दिसल्या म्हणून व्हर्टिसोल (फुगणारी व भेगाळणारी चिकणमाती) म्हणणेही घाईचे आहे, कारण त्यासाठी चिकणकण किमान ३० टक्के लागतात आणि तळापर्यंत पोयटाच असलेल्या मातीत ते २७ टक्क्यांच्या वर जात नाहीत. गडद रंगावरून मॉलिसोल (सेंद्रिय कर्बाने गडद झालेल्या वरच्या थराची माती) ठरवू नये. बेसाल्टच्या मातीत कर्ब कमी असूनही रंग काळसर असू शकतो. रंग ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही अवस्थांतल्या मातीचा पाहावा आणि वरच्या थरात किमान ०.६ टक्के सेंद्रिय कर्ब आहे का, हे मोजून घ्यावे.

कुळाच्या नावात मातीच्या तापमानाचा वर्गही येतो आणि त्यातही एक खाच आहे. उन्हाळा म्हणून जून, जुलै, ऑगस्ट आणि हिवाळा म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी यांची ५० सेंटिमीटर खोलीवरची सरासरी घेतात. दोन्हींतला फरक सहा अंशांपेक्षा कमी असेल तर ‘आयसो’ हा उपसर्ग लागतो. आपला कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्ये असतो म्हणून ते महिने धरले, तर फरक वाढतो आणि नाव चुकते.

मातीचा वर्ग आणि जमिनीचा वर्ग एक मानणे

सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ हा महसुली शेरा आहे, ‘लोमी-स्केलेटल लिथिक अस्टॉर्थेंट’ (एंटिसोलचा एक प्रकार) हे मातीचे नाव आहे आणि एक ते आठ असे क्षमता-वर्ग हे उतार, खोली, धूप व खडे यांवरून वापराची मर्यादा सांगतात. तिन्ही वेगवेगळ्या कामांसाठी आहेत आणि एकावरून दुसरे काढता येत नाही. सहाव्या-सातव्या वर्गातली जमीन नांगरटीला अयोग्य असते, गवताला नव्हे. तरीही ती ओसाड समजून तिच्यावर वृक्षलागवडीसाठी साठ सेंटिमीटरचे खड्डे घेतले जातात. माती तीस सेंटिमीटर असेल, तर खड्ड्याचा निम्मा भाग मुरुमात जातो आणि तो मुरूम वरच्या पोयट्यावर पसरतो. पुढे कोणी तेथे नमुना घेतला, तर खड्यांचे प्रमाण भलतेच वाढलेले दिसेल. तेव्हा जुने खड्डे आणि समतल चर यांच्या जागा आधी नकाशावर खुणावून घ्याव्यात आणि नमुन्याचा खड्डा त्यांच्यापासून दूर, न हललेल्या गवतात घ्यावा.