विभवांतर वाढवले की विद्युतधारा किती वाढते, हे मोजून पाहण्याची रीत

वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल, तर त्यातून वाहणारी विद्युतधारा त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराशी (व्होल्टेजशी) समानुपाती असते, हा ओहमचा नियम शाळेत पाठ होतो. पण त्यातील ‘कायम असेल, तर’ ही अट किती महत्त्वाची आहे, ते मोजून पाहिल्याखेरीज उमगत नाही. त्यासाठी 1.5 व्होल्टचे चार सेल, 220 ओहमचा पाव वॉटचा रोधक (लाल, लाल, तपकिरी पट्ट्यांचा), डिजिटल मल्टीमीटर आणि टॉर्चचा जुन्या धर्तीचा 6 व्होल्टचा तारेचा बल्ब एवढे साहित्य पुरते. घरातील 230 व्होल्टच्या जोडणीवर हा प्रयोग मुळीच करू नये.

प्रथम एक सेल आणि रोधक जोडून रोधकाच्या दोन टोकांवर मल्टीमीटर टेकवून विभवांतर मोजावे. सेलवर छापलेला आकडा गृहीत धरू नये, कारण नवा सेल बहुधा 1.5 हून थोडे अधिकच दाखवतो. मग परिपथ एका ठिकाणी तोडून त्या जागी मीटर एकसर, म्हणजे धारेच्या त्याच मार्गात, जोडावा आणि 200 मिलिअँपिअरच्या टप्प्यावर धारा वाचावी. या टप्प्यावरचा मीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावला, तर आतला फ्यूज उडतो. नवशिक्यांची ही हमखास होणारी चूक आहे. पुढे एकेक सेल एकसर वाढवत गेल्यास 1.5, 3, 4.5 आणि 6 व्होल्टला साधारण 6.8, 13.6, 20.5 आणि 27.3 मिलिअँपिअर मिळतात. विभवांतराला अँपिअरमधील धारेने भागले की दर वेळी 220 च्या आसपासच उत्तर येते.

आता रोधकाच्या जागी बल्ब लावावा, मात्र धारा बरीच मोठी असल्याने मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या खाचेत घालावी. बल्ब पेटलेला असतानाच विभवांतर मोजावे, कारण भार पडला की सेलचे विभवांतर उतरते. खुद्द ओहमलाही व्होल्टाच्या घटांच्या या चंचलपणाने सतावले होते, म्हणून त्याने तांबे आणि बिस्मथ यांची तापयुग्मे (दोन धातूंच्या सांध्यांच्या तापमानातील फरकावर विभवांतर देणारी जोडणी) वापरली आणि 1827 मध्ये आपले विवेचन ग्रंथरूपाने मांडले. बल्बच्या बाबतीत विभवांतर दुप्पट केले, तरी धारा दुपटीपेक्षा बरीच कमी वाढते आणि भागाकार दर पायरीला चढत जातो, कारण टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो.